गच्चीवरची रेकॉर्ड आणि माझे तयार कान

माझे कान अतिशय तयार आहेत. हे मीच सांगतो, कारण आजवर दुसरं कुणी सांगितलेलं नाही.

अमरावतीच्या एका शाळेत मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पूर्णवेळ रेकॉर्डी ऐकू लागलो. त्यातही प्रोग्रेसिव्ह रॉक. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (हा प्रकार स्वतः काहीच थोडक्यात सांगत नाही). एक गाणं रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापतं. सुरुवातीला ऑर्गन वाजतो. बराच वेळ वाजतो. मग गायक येऊन चार ओळी म्हणतो आणि निघून जातो. मग ढोलवाला ताल बदलतो, गिटारवाला रुसतो, पुन्हा ऑर्गन, आणि शेवटी गायक परत येतो तेव्हा आपण त्याला ओळखतसुद्धा नाही!

ही कीड घरात आणली माझ्या दादानं. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. कायद्याचं शिकत असताना तो एकदा मुंबईला गेला आणि एक इंग्रजी रेकॉर्ड घेऊन आला. आमचे बाबा भिक्षुकी करायचे. पूजा सांगून दमून आलेले, सोवळं बदलून खुर्चीत बसले आणि त्यांनी ती पूर्ण बाजू ऐकली.

"हे सुरू कवा होते रे?" बाबांनी विचारलं.

"बाबा, अर्धं झालं," दादा म्हणाला.

"मंग म्हननारा कुठी गेला?"

"तो येते ना शेवटी."

"अध्याय सोडून मधातच उठून जाते? अर्धीच दक्षिणा द्या त्याले," असं म्हणून बाबा संध्येला बसले.

आम्ही दोघं भाऊ मात्र त्या रेकॉर्डनं कायमचे बिघडलो. पलंगावर पालथे पडून, हनुवटी हातावर ठेवून, ती फिरताना बघत आम्ही ती इतक्या वेळा ऐकली की सुई कुठल्या वळणावर कडकड करणार हेसुद्धा पाठ होतं. पुढे दादानं अकोल्याला वकिली थाटली, जठारपेठेत घर केलं आणि रेकॉर्ड त्याच्यासोबत गेली. माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. त्यानंच आणली होती.

आता अलीकडे झालं असं की त्याच रेकॉर्डच्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या. एक जाडजूड, एकशे ऐंशी ग्रॅम वजनाची. एक अर्ध्या वेगानं कोरलेली (म्हणजे कोरणाऱ्यानं दुप्पट वेळ घेतला, म्हणून ती जास्त चांगली. आपल्याकडे हा नियम फक्त सरकारी कामाला लागू होत नाही). आणि तिसरी, मूळ ध्वनिफितीवरून वाद्यांचे आवाज पुन्हा मिसळून काढलेली. मी तिन्ही मागवल्या.

"तीन कायले?" माझी बायको सुनंदा म्हणाली. "गानं एकच हाये ना?"

"गाणं एकच आहे, पण आवाज वेगळा आहे. झांजेची झळाळी बघ."

"झांज पाह्यची कशी?"

तिला कान नाहीत, हे माझं तेव्हाचं मत.

तिन्हींची तुलना करून मी एक वही भरली. पण तुलनेला पक्का पाया हवा होता, आणि पाया म्हणजे दादाकडची मूळ रेकॉर्ड. मी अकोल्याला फोन लावला.

इथे एक सांगायला हवं. गेली दोन वर्षं दादा फोनवर बोलतच नसे. "बरा हायेस ना? हे घे, तुही वहिनी बोलते," इतकं म्हणून तो फोन वहिनीच्या हातात द्यायचा. त्याच सुमाराला त्यानं चांगली चालणारी वकिली अचानक बंद केली होती. कारण विचारलं तर "कंटाळा आला" म्हणाला. मी त्याला तेव्हा बरंच सुनावलं होतं. माणूस आळशी झाला, शिवाय शिष्टही झाला, असा निष्कर्ष मी काढून ठेवला होता (पदार्थविज्ञानात निरीक्षणानंतर निष्कर्ष काढतात. घरच्या माणसांच्या बाबतीत मी उलटं करतो).

"या ना भाऊजी," वहिनी म्हणाली. "त्याईले लय बरं वाटन."

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही गाडीनं निघालो. वऱ्हाडातल्या मे महिन्यात गाडीत ठेवलेला कंगवासुद्धा वाकतो, त्यामुळे मी पूर्ण काळजी घेतली होती. तिन्ही रेकॉर्डी ओल्या पंच्यात गुंडाळून सुनंदाच्या मांडीवर, आणि थंड हवेचं तोंड त्यांच्याकडे. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, सुनंदाला चहा हवा होता, पण मी गाडी थांबवली नाही. थांबलो असतो तर रेकॉर्डींना ऊन लागलं असतं!

"मले घाम फुटून राहिला तं चालते," ती म्हणाली.

"तू वाकडी होत नाहीस," मी म्हणालो. 

अकोल्याला दादा दारातच उभा होता. खूश दिसला. माझ्या तोंडाकडे एकटक बघत बोलत होता, पाठीवर थाप मारत होता. बैठकीत बसताना त्यानं मला हात धरून आपल्या उजव्या बाजूला बसवलं. मी डावीकडे सरकलो, कारण तिथून स्पीकरचं अंतर समसमान पडत होतं. त्यानं मला पुन्हा उजवीकडे ओढलं. हा हट्टीपणाही मी मनात नोंदवून ठेवला.

मग त्यानं कपाटातून ती रेकॉर्ड काढली. दोन्ही हातांनी, देवघरातलं ताम्हण काढावं तशी. वेष्टणाचे कोपरे झिजले होते, आतली कापडी पिशवी वहिनीनं नवी शिवली होती. पण रेकॉर्डवर मला धूळ दिसली.

"दादा, ही धुवावी लागेल."

"कायले धुतं? मस्त हाये."

"चाळीस वर्षांची धूळ आहे! अशी वाजवली तर तुलनेत काय अर्थ?"

"राहू दे ना मधू. रोज लावतो मी तिले."

"रोज? अशी?" मी जवळजवळ किंचाळलो. दादा माझ्याकडे बघत राहिला आणि मग हळूच त्यानं रेकॉर्ड माझ्या हातात दिली. लहानपणी मी रडलो की तो आपली जिलबी मला द्यायचा, अगदी तसाच चेहरा करून.

मी शास्त्रशुद्ध धुतली. शुद्ध पाणी, दोन थेंब साबण, बाळाचा मऊ ब्रश. मग वाळायला कुठे ठेवावी? घरात कूलर लावलेला, त्याच्या दमट हवेत डाग पडतात. म्हणून मी गच्चीवर गेलो. तिथे वहिनीच्या कुरडया वाळत होत्या. पलीकडे पाण्याच्या टाकीची छान गडद सावली पडली होती. त्या सावलीत, स्वच्छ टॉवेलवर मी रेकॉर्ड आडवी ठेवली, वरून जाळीचं झाकण ठेवलं आणि स्वतःवर खूश होऊन खाली आलो.

जेवणं झाली. ती वाळेपर्यंत तीन नव्या आवृत्त्यांची चाचणी उरकू, असं मी जाहीर केलं. चाचणी म्हणजे डोळे बांधून. कोणती रेकॉर्ड लागली हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. परीक्षक तीन. मी, दादा आणि नामदेवराव. नामदेवराव गावाबाहेरच्या मळ्यात मोगरा पिकवतात आणि वहिनीच्या पूजेला रोज फुलं आणून देतात. त्या दिवशी उशिरा आले म्हणून सापडले.

"मले फुलं पोचवाची हायेत बाप्पा," ते म्हणाले.

"पंधरा मिनिटं फक्त," मी म्हणालो. (प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये पंधरा मिनिटं म्हणजे खाकरणं.)

रेकॉर्डी लावायचं काम सुनंदाचं. तिला मी सूचना दिल्या. मधल्या भागाला हात लावायचा नाही, कडेला बोट लावायचं नाही, तळव्यांनी धरायची, श्वास रोखायचा. मग उन्हासाठी आणलेले दुपट्टे काढले आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर बांधू लागलो.

"मले नको," दादा म्हणाला. "मी असाच बसतो."

"असं कसं? नियम म्हणजे नियम!" आणि त्याच्या डोळ्यांवर मी स्वतः दुपट्टा बांधला. घट्ट. वहिनी काहीतरी बोलायला पुढे झाली होती, ते मी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं.

पहिली रेकॉर्ड वाजली.

"पातळ," मी म्हणालो. "झांजा काचेसारख्या. ही जाड आवृत्ती."

"चांगलं हाये," नामदेवराव म्हणाले.

दादा काहीच बोलला नाही.

दुसरी वाजली. "आता बघा! केवढा फरक! ऑर्गनभोवती हवा आहे. ही अर्ध्या वेगाची. आहाहा!"

"मले तं सारखंच वाटून राहिलं," नामदेवराव म्हणाले.

"तुम्हाला सवय नाही. दादा, तू सांग."

उत्तर नाही.

तिसरी वाजली. "ही मंद. जीव नाही. नव्यानं मिसळलेली. दादा, काय म्हणतोस?"

आणि तेवढ्यात दादा, मी विचारल्याचा काही संबंध न ठेवता, मोठ्यानं म्हणाला, "तिन्ही वेळा एकच तं लावली तुमी! खालचा ठोका जसाच्या तसा लागून राहिला."

माझा तोलच गेला. तीन आवृत्त्या, एक भरलेली वही, शंभर किलोमीटरचा प्रवास, आणि हा म्हणतो एकच! मी ओरडलो, "दादा, तुला ऐकू येत नाही का?"

काहीच नाही. गाणं चालू होतं. मी माझा दुपट्टा ओढून काढला आणि पाहिलं. दादा स्पीकरला अगदी खेटून बसला होता. त्याचा उजवा तळवा स्पीकरच्या लाकडी खोक्यावर पसरलेला होता आणि डोळे बांधलेल्या चेहऱ्यावर मजेत हसू होतं. मी त्याच्यापासून दोन हातांवर ओरडलो होतो आणि त्याची पापणीसुद्धा हलली नसावी.

वहिनीनं उठून त्याचा दुपट्टा सोडला. मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नाई येत, भाऊजी."

खोलीत फक्त ऑर्गन वाजत राहिला. 

"दोन वर्सं झाले," वहिनी म्हणाली. "डावा कान पुरा गेला, उजव्यात थोडं हाये. कोर्टात साहेब काय बोलते ते समजे ना, म्हनून सोडली वकिली. यंत्र घेतलं हाये. पन सकाळी तुमी येनार म्हनून काढून टेबलाच्या खनात ठेवलं. म्हने, मधूचे कान लय तयार, तो हसन मले."

दादा बोलणाऱ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. तेव्हा मला कळलं की तो दारात माझ्या तोंडाकडे का बघत होता, उजवीकडे का ओढत होता. ओठ बघून तो ऐकत होता. त्याचे डोळे हेच आता त्याचे कान होते, आणि ते मी माझ्या हातांनी बांधले होते. नियम म्हणजे नियम!

"अन् दादा बरोबर बोलले," सुनंदा हळूच म्हणाली.

"काय?"

"मी एकच लावली तिन्ही खेपा. तुमी म्हनलं कडेले बोट नाई, मधात हात नाई, श्वास घ्यायचा नाई. मंग काढाची कशी? भेव वाटलं मले. मी सुईच तेवढी मांगं नेऊन ठेवली."

"मी म्हनलं होतं ना सारखंच हाये," नामदेवराव म्हणाले आणि फुलांची टोपली उचलायच्या ऐवजी पुन्हा खाली बसले. त्यांना आता जायचं नव्हतं.

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. काहीतरी चांगलं करावं, लगेच करावं, असं झालं. मी दादासमोर बसलो, तोंड नीट त्याच्याकडे केलं आणि म्हणालो, "दादा, थांब. तुझी रेकॉर्ड आणतो. तीच लावू."

त्याचा चेहरा उजळला. "हाव! आन!"

"रोज दुपारी तेच चालते त्याईचं," वहिनी म्हणाली. "यंत्रातून गानं फाटल्यावानी येते म्हनते. म्हनून यंत्र काढते, खोक्यावर हात ठेवते अन् सुई कुठी आली ते पाह्यत बसते. बाकीचं त्याईले पाठच हाये. कुठी कडकडते ते बी हातालेच समजते. दुसरी कोनती लावतच नाई."

मी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढलो.

मुलांना मी तीस वर्षं शिकवलं की पृथ्वी फिरते. मग सावली सरकते, हे सांगायला पदार्थविज्ञानही लागत नाही, पाचवीचं पुस्तक पुरतं. टाकीची सावली सरकून कठड्यापलीकडे गेली होती आणि अकोल्याचं मे महिन्यातलं दोन वाजताचं ऊन जाळीतून थेट रेकॉर्डवर पडत होतं. रेकॉर्डची कड वर उठली होती, मध्ये खड्डा, पुन्हा उठाव. शेजारी वहिनीच्या कुरडया उत्तम वाळल्या होत्या.

माझ्या तिन्ही रेकॉर्डी मी शंभर किलोमीटर ओल्या पंच्यात आणल्या होत्या. त्याची एक, मी उन्हात टाकली होती.

ती घेऊन मी खाली आलो. दादानं पाहिली. तिच्या उठलेल्या कडेवरून बोट फिरवलं. नामदेवरावांनीच शेवटी तोंड उघडलं. "उनानं बिघडली तं उनानंच सुधरन. काचात दाबा."

मग शोकेसच्या दोन काचा निघाल्या. मधे रेकॉर्ड, वर पाटा, आणि सगळी मिरवणूक पुन्हा गच्चीवर. आम्ही पाचही जण दुपट्टे डोक्याला गुंडाळून त्या पाट्याभोवती उभे राहिलो. या वेळी सावलीकडे मी एकटक बघत होतो. पाटा थोडा सरकवावा म्हणून मी हात लावला, तर वरची काच कोपऱ्यातून तडकली!

"तुमी हात लावू नका भाऊजी," वहिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे ते जास्त लागलं.

रेकॉर्ड बरीच सपाट झाली. पण बरीच म्हणजे पूर्ण नव्हे. लावली तेव्हा सुई होडीसारखी वर-खाली होऊ लागली आणि तिसऱ्या हेलकाव्याला उडून बाजूला पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. नेमकी ती सुरुवात, तो ऑर्गन, जो आम्ही पलंगावर पालथे पडून ऐकला होता, तोच भाग गेला. पुढचा भाग कसाबसा वाजत होता.

दादाचा तळवा खोक्यावर होता. त्यानं तो थोडा वेळ तसाच ठेवला, मग काढून घेतला.

"दादा, माझं चुकलं," मी म्हणालो. माझा आवाज फुटत होता, पण त्याला तो कळणार नव्हता, म्हणून मी ओठ नीट हलवत पुन्हा म्हणालो, "माझं चुकलं."

"जाऊ दे गड्या," तो म्हणाला. "आधी हातालेच समजे, आता डोयालेही दिसते कशी चालून राहिली ते." आणि हसला. मला हसता आलं नाही.  मी ती रेकॉर्ड धुतली नसती तर काय बिघडणार होतं? धुळीनं त्याला कधी त्रास दिला नव्हता. मी दिला.

तिन्ही नव्या रेकॉर्डी मी तिथेच ठेवल्या. दादानं त्या एकेक लावून हातानं तपासल्या आणि एक निवडली. माझ्या वहीत तिचा क्रमांक शेवटचा होता. मी वही तिथेच फाडायला काढली, तर वहिनी म्हणाली, पाठकोरी पानं राहू द्या, दुधाचा हिशोब लिहायला होतील. वाकडी रेकॉर्ड त्यानं टाकू दिली नाही. जुन्या वेष्टणात घालून जागच्या जागी ठेवली.

परत येताना मूर्तिजापूरला मी गाडी थांबवली आणि सुनंदाला दोन कप चहा पाजला. चहा पिऊन ती म्हणाली, "तुमचे बी कान तपासून घेऊ." मी मुकाट्यानं हो म्हणालो. अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. रेघ बराच वेळ सरळ जात होती आणि मग उतरणीला लागली होती.

"वरचे सूर गेले आहेत तुमचे," डॉक्टर म्हणाले. "वयानं होतं. बरीच वर्षं झाली असावीत. म्हणजे बघा, झांजेची झळाळी वगैरे तुम्हाला ऐकू येत नसणार."

सुनंदा खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे खांदे हलत होते.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. चक्क त्याचा, आणि त्यानं तो वहिनीकडे दिला नाही. चित्र दिसणारा फोन होता. त्याच्या कानात यंत्र होतं, लपवलेलं नव्हतं.

"मधू, सुनंदानं सांगितलं तुह्या कानाचं," तो म्हणाला. "घाबरू नको. दुकानवाल्यानं मले नवीन तीन यंत्रं वापरून पाहाले देल्ली हायेत. तिन्हीचा आवाज अलग! एकात भांडे लय वाजते, एकात मानसं चांगले, एकात पंखाच जास्त. तू रविवारी ये. आपन तुलना करू."

मी गेलो. दादानं माझे डोळे बांधले (नियम म्हणजे नियम), नवी रेकॉर्ड लावली आणि एकेक यंत्र माझ्या कानात घातलं. नामदेवराव फुलांची टोपली घेऊन खास बसून होते. मी अतिशय लक्ष देऊन, श्वास रोखून ऐकलं.

मला तर तिन्ही सारखीच वाटली.